फ्रान्सचा मुराळी

आमच्या खानदेशात लग्न झालेली मुलगी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाते. पण आपणहून जात नाही. तिला न्यायला कोणीतरी यावं लागतं. भाऊ, भाचा, कोणी नसलं तर चुलत्याचा पोरगा. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी येतो, तिच्या सासऱ्यांसमोर बसून चहा पितो आणि विचारतो, "पाठवता ना?" सासरे थोडा भाव खातात, घरातली कामं सांगतात, मग हो म्हणतात. उत्तर सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं, तरी विचारावं लागतं. न बोलावता गेलेल्या मुलीला माहेरचे काही हाकलत नाहीत. पण गल्लीतल्या बायका विचारतात, "एकटीच आली का गं?" त्या प्रश्नाला किती काटे असतात ते जिला विचारलं तिलाच कळतं.

मी पन्नाशीला आले. जळगावला पाइपच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करते. स्वतःचा पगार आहे, स्कूटर आहे, पासपोर्ट आहे. आणि तरीही फ्रान्सला जाण्यासाठी मी मुराळ्याची वाट बघत बसले. हे लिहिताना माझा मलाच राग येतो. पण त्याहून जास्त राग भावाचा येतो, आणि तो राग जावा असं मला अजिबात वाटत नाही.

फ्रान्सचं खूळ आमच्या डोक्यात आबांनी घातलं. आबा म्हणजे आमचे वडील. धुळ्याला आग्रा रोडवर त्यांचं ट्रकचं गॅरेज होतं. पुढे गॅरेज, मागे घर. इंजिन ऑइलच्या कोणा विक्रेत्याने दिलेलं एक कॅलेंडर गॅरेजच्या भिंतीवर असायचं, त्यात जूनच्या पानावर पहाटेच्या धुक्यातून दिवे लावून येणारी एक बुटकी गाडी होती. खाली लिहिलं होतं की ही शर्यत फ्रान्समध्ये होते आणि चोवीस तास चालते. जून संपला तरी आबांनी ते पान उलटलं नाही. वर्ष संपलं, तरी कॅलेंडर तसंच. भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आम्ही दोघं त्या चित्रासमोर उभे राहून तोंडाने गाडीचे आवाज काढायचो.

आबांना बाकीच्या शर्यतींचं काही वाटायचं नाही. "तासाभरात संपते ती कसली शर्यत?" म्हणायचे. पण चोवीस तास एकच गाडी, ड्रायव्हर पाळीपाळीने बदलायचे, मध्येच चाकं बदलायची, इंधन भरायचं, बिघडली तर दुरुस्त करून पुन्हा सोडायची, हे त्यांना फार पटलं होतं. आमच्या दारावरून दिवसरात्र हेच तर चालायचं. एक झोपलेला, एक चालवणारा, आणि माल वेळेत पोचवायचा. पुढे मी कुठूनतरी वाचून त्यांना सांगितलं की तिथल्या ट्रॅकचा सर्वांत लांब सरळ भाग म्हणजे साधा रस्ता आहे, वर्षभर त्यावरून ट्रक आणि ट्रॅक्टर जातात, शर्यतीपुरता बंद करतात. आबा इतके खूश झाले की दोन दिवस येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ते हेच सांगत होते. "आपल्या आग्रा रोडसारखाच शे तो," म्हणाले. आणि मग आम्हाला म्हणाले, "दोघं जन एकदा जाई या." दोघं जण एकदा जाऊन या. 'दोघं' म्हणाले ते. माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आबा गेले. माझं लग्न होऊन मी जळगावला आले. भावाने गॅरेज मोडून त्या जागी टायरचं दुकान थाटलं. पण दर जूनमध्ये आम्ही दोघं ती शर्यत बघायचो, तो धुळ्याला, मी जळगावला, मोबाइलवर. फोन चालूच ठेवायचा. कोणती गाडी आत आली, कोणी टायर बदलायला उशीर केला, यावर आमची भांडणं व्हायची. आमचे हे म्हणायचे, "तुमच्या भावाबहिणीचं रक्षाबंधन जूनमध्येच होतं वाटतं."

जायचं नक्की झालं ते एका आखाजीला, गच्चीवर. भावाने ऑनलाइन तंबू मागवला होता. तिथे लोक ट्रॅकच्या बाजूच्या मैदानांत तंबू ठोकून राहतात, हे मी सगळं वाचून ठेवलं होतं. कोणत्या मैदानात आंघोळीला रांग कमी, कुठे झाडांची सावली, कोणत्या मैदानातून चालत गेलं तर सरळ रस्ता संपून वळण येतं तिथल्या कुंपणापाशी उभं राहता येतं. त्या वळणावर गाड्या करकचून ब्रेक मारतात आणि पहाटे ब्रेकच्या चकत्या लाल झालेल्या दिसतात. मला ते बघायचं होतं. मला दुसरं काहीच बघायचं नव्हतं. आयफेल टॉवर लोखंडाचा आहे एवढं मला पुरेसं आहे.

तर तंबू लावायची तालीम म्हणून आम्ही तो गच्चीवर उघडला. गच्चीत खुंट्या शिरेनात. मग एक दोरी पाण्याच्या टाकीला बांधली, एक आखाजीच्या झोक्याच्या खांबाला, एक टीव्हीच्या जुन्या अँटेनाला. मायने, म्हणजे आमच्या आईने, वर येऊन बघितलं, खाली गेली आणि बिबड्यांचं पातेलं घेऊन आली. ऊन-सावली दोन्ही आहे म्हणून तंबूच्या कडेने तिने ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातले. आम्ही आत बसून आमरस-पुरणपोळी खाल्ली. घामाने भिजलो, पण कोणी बाहेर निघेना. भाऊ म्हणाला, "अक्का, तू फक्त तयारी ठेव. मी सोता येसू, नानास्ले इचारसू, मंग तुले ली जासू."

नाना माझे सासरे. यावलकडचे, केळीच्या बागेतले, आता आमच्याजवळ जळगावला राहतात. भाऊ म्हणाला की मी स्वतः येईन, नानांना विचारीन आणि मग तुला घेऊन जाईन. मला ते इतकं योग्य वाटलं की मी हो म्हटलं आणि निश्चिंत झाले. आखाजीला न्यायचं असो की फ्रान्सला, रीत एकच.

त्यानंतर मी तयारी करत राहिले. जागेचं बुकिंग भावाने त्याच्या कार्डावर केलं, पण कोणतं मैदान ते मी सांगितलं. तंबूची चेन खराब होती, म्हणून तो मी जळगावला आणला, आमच्या चौकातल्या बॅगवाल्याकडून नवी चेन बसवली, शिवणींना मेण लावून घेतलं, कारण तिकडे जूनमध्येही पाऊस येतो. घरी सगळ्यांना सांगून झालं होतं. मला वाटलं होतं सासरी कुरकुर होईल. झाली नाही. नानांनी दोनच प्रश्न विचारले. थंडी असते का, आणि बरोबर कोण. मी म्हटलं, पहाटे थंडी असते, आणि भाऊ आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून स्वतःची तपकिरी माकडटोपी काढली, उन्हात घातली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली. ती घालून मी फ्रान्समध्ये कशी दिसेन याची आमच्या ह्यांनी नक्कल करून दाखवली.

नानांनी उत्तरही ठरवून ठेवलं होतं. ते मला नंतर कळलं. त्यांच्या तरुणपणी ते आपल्या बहिणीला आणायला दर आखाजीला एसटीने जायचे, आणि तिचे सासरे त्यांना दरवर्षी एकच वाक्य ऐकवायचे. तेच वाक्य नाना भावाला ऐकवणार होते. "न्या. पण आणून सोडायची जबाबदारी तुमची." यासाठी ते थांबले होते.

भाऊ काही येईना. फोनवर विचारलं की म्हणायचा, येतो, दुकानात माणूस नाही, येतो. व्हिसाचं काय म्हटलं की म्हणायचा, मुंबईची तारीख मिळाली की तुला घ्यायलाच येतो, तिथून सरळ जाऊ. मी कागद फोल्डरमध्ये लावून तयार. आमचे हे एकदा म्हणाले, "तूच अर्ज भर की. त्यात काय भावाने यायचंय?" मी त्यांच्यावरच चिडले. तुम्हाला रीतभात नाही, असं मी त्यांना म्हणाले. आता वाटतं, अख्ख्या घरात शहाणा माणूस तोच होता आणि त्याचीच मी खरडपट्टी काढली.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. नाना बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी आतमध्ये आवाज दिला, "बघ, तुझा मुराळी आला असेल." मी खरंच हात पुसत धावले. दारात भावाचा मेहुणा होता, दोंडाईचाचा. वहिनीचा धाकटा भाऊ. पायात डोंगर चढायचे नवे कोरे बूट, जळगावच्या उन्हात.

"अक्का, दाजींनी तंबू मागवलाय," म्हणाला. "भुसावळला काम होतं, म्हटलं जाता जाता घेऊन जाऊ."

मी म्हटलं, "कशाला?"

"म्हणजे, जूनला लागंल ना. आमचा व्हिसा झाला." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, माझं तोंड बघून असेल, आवाज उतरवून म्हणाला, "तुम्ही आल्या असत्या तर मजा आली असती. पण सासरवाले पाठवत नाहीत म्हटल्यावर दाजी तरी काय करतील? मग माझ्यामागे लागले. मला तर त्या गाड्यांमधलं काही कळत पण नाही."

हे सगळं नानांच्या समोर. नानांनी पेपर खाली घेतला नाही.

मी आत गेले. तंबू त्याच्या पिशवीत कपाटाच्या वर होता. तो काढला. पिशवीत खुंट्यांची वेगळी थैली होती, ती बाहेर काढली आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिली. तंबू आणून त्याच्या हातात दिला. चहा दिला. वहिनीची चौकशी केली. तो गेला. खुंट्यांचं मला तेव्हाही काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. आयत्या बिळावर नागोबा बसतो तो बसतो, निदान बिळाचं दार तरी आपण का बसवून द्यायचं?

नाना बऱ्याच वेळाने म्हणाले, "आपण कधी नाही म्हटलं?"

मी म्हटलं, "कधीच नाही, नाना."

"आपल्याला कोणी विचारलंच नाही," ते म्हणाले. मग ती माकडटोपी त्यांनी टेबलावरून उचलली आणि ट्रंकेत ठेवली. हट्टाने, वाकून, स्वतः. आयुष्यभर ज्या माणसाने कोणाच्या लेकीला अडवलं नाही, तो धुळ्याच्या चार गल्ल्यांत सुनेला कोंडून ठेवणारा सासरा झाला होता. माझं जाणं हुकलं त्याचं दुःख होतंच. पण हे मला जास्त झोंबलं.

मायला फोन केला. ती म्हणाली, "तुना सासरना लोके नही धाडतस, भाऊनी सांगं." मी म्हटलं, माय, त्यांना कोणी विचारलंच नाही. ती म्हणाली, "बरंच झायं ना मंग. बाई मानूस तंबूमा कशी ऱ्हाई वं? लोके काय म्हंतीन?" तंबूभोवती बिबडे वाळत घालणारी हीच माझी माय. गच्चीवरच्या तंबूत बाईमाणूस चाललं होतं, कारण तो तंबू खोटा होता.

मग भावाला फोन केला. तो खोटं बोललो म्हणाला नाही, आणि नाही बोललो असंही म्हणाला नाही. त्याने वेगळीच टेप लावली. "अक्का, मी येऊन विचारलं असतं आणि नानांनी नाही म्हटलं असतं, तर तुलाच वाईट वाटलं असतं. आणि त्यांनी हो म्हटलं असतं, तर मला टेन्शन. रात्री थंडी, सगळे पिऊन पडलेले लोक, बाथरूमची रांग. तुझी जबाबदारी कोणी घ्यायची?" माझी जबाबदारी! ज्या माणसाला कोणत्या दाराने आत शिरायचं हे मी नकाशावर दाखवलं होतं, तो माझी जबाबदारी घेणार होता. मी म्हटलं, "आबा दोघं जा म्हणाले होते." तो म्हणाला, "दोघंच तर चाललो आहोत." मी फोन ठेवला.

त्या आखाजीला त्याने फोनवरच सांगितलं की जायची गडबड आहे, यंदा एसटीने ये. मी गेले नाही. पोळ्या इथेच केल्या, तव्यावर, धुळ्याच्या खापरावरच्या पोळीची सर त्यांना काही आली नाही.

आमचे हे म्हणाले की पुढच्या वर्षी तू आणि मी जाऊ. चांगला माणूस आहे. पण त्यांना कार आणि जीप यातला फरक रंगावरून कळतो. आणि खरं सांगायचं तर मला नुसतं जायचं नव्हतं. त्या कॅलेंडरसमोर जो माझ्याबरोबर उभा होता, त्याच्याबरोबर त्या कुंपणापाशी उभं राहायचं होतं. ते मैदान फ्रान्समध्ये असलं तरी मी ते माझं माहेरच धरून चालले होते. म्हणून तर न्यायला येण्याची वाट बघत बसले. परक्या ठिकाणी माणूस तिकीट काढून जातो.

जूनमध्ये, शर्यतीच्या रविवारी, आमच्याकडे नाश्त्याची वेळ होती, भावाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होत होती. त्याच्या अंगावर प्लास्टिकचा रेनकोट, मागे चिखल. आणि त्याच्यामागे आमचा तंबू. एक दोरी झाडाला, एक कोणाच्या तरी गाडीच्या आरशाला, एक कचऱ्याच्या पिंपाला बांधलेली. एक बाजू पूर्ण खाली बसली होती आणि आत दोंडाईचाचा नागोबा नव्या बुटांसकट झोपला होता. खुंट्यांबद्दल भावाने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

"अक्का, ते वळण सापडत नाहीये," तो म्हणाला. "तू म्हणाली होतीस ना, लाल ब्रेक दिसतात ते. कुठून जायचं?"

फोन ठेवून द्यायला पाहिजे होता. पण मी सांगितलं. झाडांची रांग डाव्या हाताला ठेव, पाण्याच्या नळापासून खाली उतर, छोटा पूल ओलांड. तो फोन हातात घेऊन चालत होता, मी जळगावात डायनिंग टेबलापाशी उभी राहून त्याला चालवत होते. मग एकदम तो आवाज आला. लांबून येणारा, मग कानात घुसणारा, मग ब्रेकचा. भाऊ ओरडला, "अक्का, दिसले! लाल दिसले! आबा असते तर..." आणि तो रडायला लागला. फोन त्याने गाड्यांकडे वळवलाच नाही, मला त्याचं ओलं तोंडच दिसत राहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी विरघळेन असं मलाही क्षणभर वाटलं होतं. मी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि नुसता आवाज ऐकला. पोहे गार झाले.

यंदाच्या आखाजीला भाऊ आला. आधी फोन नाही, काही नाही, सकाळच्या बसने सरळ दारात. हातात आंब्यांची पेटी आणि त्या शर्यतीची निळी टोपी, माझ्यासाठी. वजन वाढलेलं, केस पिकलेले, अगदी आबांसारखा दिसत होता. नानांच्या पाया पडला, समोर बसला. मी चहा आणला. त्याने कप घेतला आणि रीतीप्रमाणे नानांकडे वळून म्हणाला, "अक्काला न्यायला आलो, नाना. पाठवता ना?"

इतकं सोपं होतं ते. चहाचा कप, एक वाक्य. हे विचारायला त्याला जळगाव गेल्या वर्षी लांब पडलं होतं.

नानांनी माझ्याकडे बघितलं. थोडा भाव खाऊन हो म्हणायची त्यांची वेळ होती. त्यांच्या आधी मीच बोलले, आमच्या धुळ्याच्या घरच्या बोलीत, मायच्याच शब्दांत.

"सासरना लोके नही धाडतस, भाऊ."

भाऊ हसायला गेला. मग त्याला कळलं. त्याने नानांकडे बघितलं, की आता म्हातारा म्हणेल, असं काय बोलतेस सूनबाई, जा. मीही नानांकडेच बघत होते. ते कधी खोटं बोलत नाहीत, आणि हे धादांत खोटं होतं.

नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला.

"हो," ते म्हणाले. "आम्ही नाही पाठवत."

भावाने चहा संपवला. पेटी आणि टोपी ठेवून तो दुपारच्या बसने एकटाच धुळ्याला परत गेला.